जमिनीचे दप्तर कोणाचे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी धम्माचा मार्ग आम्हांस मोकळा केला. त्या दिवसापासून आजतागायत ज्या ज्या कुटुंबाने दीक्षा घेतली, त्या त्या कुटुंबाने देव्हाऱ्यातील म्हसोबा, मरीआई, खंडोबा यांना निरोप दिला. नवस बंद झाले, अंगारे बंद झाले, देवऋषाचा उंबरठा सुटला. परंतु एका दैवताची भीती आमच्या मनातून अद्याप गेलेली नाही. त्या दैवताचे ठाणे तालुक्याच्या गावी असते. त्याच्यापुढे आमचा माणूस वहाणा बाहेर काढून उभा राहतो, "साहेब, आमच्या नशिबी जमीन आहे का, तेवढे बघा," असे हात जोडून म्हणतो, आणि साहेब "पुढच्या आठवड्यात या" असा कौल देतात. ते दैवत म्हणजे जमिनीचे सरकारी दप्तर होय.

आमचे म्हणणे असे की, हे दप्तर दैवत नाही, दाता नाही आणि न्यायाधीशही नाही. लोकांच्या पैशावर चालणारे ते एक लिहिण्याचे खाते आहे. जमिनीवर जे आहे ते खरे लिहावे, ज्याचे आहे त्याला ते वाचू द्यावे आणि चूक दाखविली असता ती दुरुस्त करावी, अशी त्याची तीन कामे आहेत. या तिन्ही कामांत ते आमच्या बाबतीत कसे वागले आणि आम्ही त्याच्याशी कसे वागलो, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे. हिशेबात सरकारची बाकी मोठी निघेल, हे खरे. पण आमच्याही नावे थोडी बाकी आहे, तीही झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

प्रथम हे खाते जन्मास कशासाठी आले ते पाहा. इंग्रजी अमदानीत १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेतवार मोजणीची नवी पद्धत बसविली. प्रत्येक शेताला नंबर दिला, जमिनीची प्रत पाहून आकार ठरविला, हद्दीचे दगड रोविले. ही पद्धत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. तिचा हेतू सारा वसूल करण्याचा होता. सारा कोणाकडून घ्यावयाचा हे सरकारला ठाऊक असले पाहिजे, म्हणून नावे लिहिली गेली. १९०३ साली हक्कनोंदणीचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात झाला, आणि आज महाराष्ट्रात १९६६ चा जमीन महसूल अधिनियम लागू आहे. राज्ये बदलली, कायदे बदलले, तरी दप्तराची जुनी सवय पुरती मोडली नाही. सारा भरतो कोण, हे ते तत्परतेने विचारते. नांगर धरतो कोण, हे विचारावयास त्याला सवड होत नाही.

या सवयीचा परिणाम काय झाला, याचे एकच उदाहरण घ्या. कसेल त्याची जमीन या तत्त्वावर मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. परंतु कूळ कोण? ज्याचे नाव कूळ म्हणून दप्तरात लागले होते तो. ज्याने तोंडी कराराने, अर्धेलीने किंवा सालदारीच्या नावाखाली तीच जमीन वर्षानुवर्षे कसली, त्याचे नाव पीकपाहणीत नव्हते. आणि त्याला मालक व्हावयाच्या दिवशी पुरावा शोधीत फिरावे लागले. कायदा कसणाऱ्याच्या बाजूने होता, पण लेखणी गावातल्या बळवंताच्या ओसरीवर बसून चालली होती. कायदा आणि कसणारा यांच्यामध्ये दप्तर उभे असते, हे ज्याने ओळखले नाही त्याला भूमिहीनांचा प्रश्न समजलाच नाही.

आता हे दप्तर आहे तरी काय, ते नीट समजून घेऊ. कारण ज्या वस्तूची ओळख नाही तिचीच भीती वाटते. येथे दोन वेगवेगळी कार्यालये आहेत आणि आमच्या माणसाला बहुधा चुकीच्या दारातून परत पाठविले जाते. तलाठी, ज्यांना अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे, त्यांच्यावर मंडळ अधिकारी आणि त्यांच्यावर तहसीलदार, ही पहिली साखळी होय. जमीन कोणाची, हे ती लिहिते. दुसरे कार्यालय तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांचे. जमीन कोठे आहे व किती आहे, हे ते लिहिते. मोजणी, नकाशा, टिपण, फाळणी, आकारबंद, गावठाणातील घराची मिळकत पत्रिका हे सारे त्याच्या ताब्यात असते. या खात्याची वरिष्ठ गादी पुण्यास जमाबंदी आयुक्तांकडे आहे. सातबाऱ्यावर चुकीचे नाव लागले असेल तर पहिल्या दारी जावे. शेजाऱ्याने बांध कोरला असेल अथवा नकाशात जमीन कमी भरत असेल तर दुसऱ्या दारी जावे.

गावच्या दप्तराला नमुने असतात. सातबारा हा दोन नमुन्यांचा जोड आहे. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, त्यात कब्जेदाराचे नाव व इतर हक्क लिहिलेले असतात. नमुना १२ ही पिकांची नोंदवही. नमुना ६ हे फेरफाराचे पुस्तक. जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल प्रथम तेथे लिहिला जातो आणि सातबाऱ्यावरील नावाशेजारी त्या फेरफाराचा नंबर असतो. म्हणून शहाण्या माणसाने केवळ सातबारा पाहून थांबू नये; तो नंबर धरून फेरफाराचा उतारा काढावा. नाव कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने उडाले, हे तेथे लिहिलेले असते. ८-अ हा खात्याचा उतारा, एका माणसाच्या नावे गावात किती जमीन आहे ते तो सांगतो. १-ई ही सरकारी जमिनीवरील अतिक्रमणांची नोंदवही. तिचे महत्त्व पुढे येईल.

या ठिकाणी सरकारचा एक आवडता युक्तिवाद तपासला पाहिजे. चूक दाखविली की अधिकारी म्हणतात, "सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती केवळ महसुली नोंद आहे. तुमची मालकी असेल तर दिवाणी कोर्टात जा." कायद्याच्या भाषेत हे खोटे नाही. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पण त्याच १९६६ च्या अधिनियमाचे कलम १५७ काय म्हणते? अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, तीविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल! म्हणजे ज्याचे नाव लागले त्याला काही सिद्ध करावयास नको. ज्याचे नाव सुटले त्याने वकील लावावा, तारखा कराव्यात आणि म्हातारा व्हावे. सोसायटी कर्ज देते ते सातबारा पाहून. धरणात किंवा रस्त्यात जमीन गेली तर मोबदल्याची नोटीस जाते ती सातबाऱ्यावरील नावाला. अतिवृष्टीची मदत जाते तीही त्यालाच. देताना जो कागद मालकीचा ठरतो, तोच दुरुस्तीच्या वेळी केवळ महसुली नोंद होऊन बसतो! हा दुटप्पीपणा ज्याला परवडतो त्याला परवडो, आमच्या समाजाला तो परवडत नाही.

आता ज्या जमिनीशी आमच्या पूर्वजांचे रक्त बांधले गेले, त्या महार वतनाकडे वळू. १८७४ च्या वतन कायद्याखाली गावकीची कामे आमच्या आजोबा-पणजोबांकडून वेळी-अवेळी करून घेतली जात आणि त्या बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा एखादा तुकडा साऱ्या महारवाड्याच्या नावे असे. हा तुकडा म्हणजे गुलामगिरीचा खुंटा आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्या वेळी ते पार पडले नाही. पुढे १९५८ साली कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा मुंबई अधिनियम झाला. वतन गेले, चाकरी गेली. जमीन सरकारजमा झाली, आणि पूर्ण आकारणीच्या तिप्पट रक्कम कब्जेहक्कापोटी ठराविक मुदतीत भरील त्या वतनदाराला ती परत द्यावयाची, असे ठरले. यालाच लोक रिग्रँट म्हणतात. जो मुदतीत रक्कम भरणार नाही तो त्या जमिनीचा अनधिकृत कब्जेदार मानला जाईल, असेही त्याच कायद्यात लिहिले होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या घरात लिहिता-वाचता येणारा माणूस नव्हता, त्या घराला मुदत कोणी सांगावयाची? जी जमीन सबंध वाड्याच्या नावे होती, तिची रक्कम कोणी कोणाकडून गोळा करावयाची? तिप्पट आकारणी ही श्रीमंताच्या दृष्टीने क्षुल्लक रक्कम होती. पण जेथे नोटीस वाचणाराच नाही तेथे एक रुपयाही लाख रुपयांच्या ठिकाणी असतो. ज्यांनी रक्कम भरली त्यांची जमीन नव्या शर्तीवर मिळाली. ती भोगवटादार वर्ग २ म्हणून लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून व नजराणा भरल्यावाचून विकता येत नाही वा वाटून घेता येत नाही. या शर्तीला पुष्कळ लोक नावे ठेवतात. आमचे मत निराळे आहे. शहरे वाढली, हायवे आले आणि जो हाडोळा गावाने कधी पायाने शिवला नाही त्याच्यासाठी आज मोटारी घेऊन माणसे येतात. वारसांपैकी एकाला गाठतात, हातावर इसार ठेवतात, कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतात. अशा वेळी ती शर्त हेच आमच्या गरिबाचे कुंपण आहे. परंतु कुंपण राखावयाचे काम ज्याला दिले आहे त्या दप्तराने 'इतर हक्क' या रकान्यात ती शर्त ठळक लिहिली पाहिजे. संगणकात मजकूर उतरविताना 'वर्ग २' चा 'वर्ग १' झाला, तर कुंपण एका अक्षराने पडते. अशी चूक कारकुनाच्या हातून झाली की कोणाच्या सांगण्यावरून झाली, याची चौकशी मागण्याचा वारसांना पूर्ण अधिकार आहे.

वतनानंतर गायरान. जेथे वतनही नव्हते, तेथे आमच्या लोकांनी पडीक सरकारी जमीन कुदळीने फोडली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहात तर स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरून टाकले. त्या लढ्याची फळे पुढे कागदावर आली. २७ डिसेंबर १९७८ रोजी आणि त्यानंतर २८ नोव्हेंबर १९९१ रोजी महाराष्ट्र सरकारने निर्णय काढले. दुसऱ्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करावयाची ठरली. निर्णय चांगला होता. पण त्या काळात जमीन आपणच कसत होतो, हे दाखवावयाचे कशाने? १-ई च्या नोंदीने, दंडाच्या पावतीने, पंचनाम्याने. आणि १-ई लिहिणार कोण? गावातच बसणारा तोच सरकारी नोकर. ज्या गावाला आमचा माणूस गायरानात नको होता, त्या गावच्या मर्जीविरुद्ध ही नोंद करण्याचे धैर्य प्रत्येक तलाठ्याने दाखविले असेल, असे कोणी शपथेवर सांगेल काय? दंड भरून पावती घेतली नाही, म्हणून हक्क बुडाला. नोंद झाली नाही, म्हणून वीस वर्षांची मशागत हवेत विरली.

पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील जगपाल सिंग यांच्या प्रकरणात गावच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. तळी बुजवून इमले बांधणाऱ्या धनदांडग्यांच्या विरुद्ध तो निकाल होता, आणि त्याचे आम्ही स्वागतच करू. त्याच निकालात अपवादही सांगितले आहेत. सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जेथे पट्टा दिला असेल, तेथे अतिक्रमण नियमित करण्यास वाव ठेवला आहे. परंतु गावोगावी नोटिसा निघतात तेव्हा निकालाचा पहिला भाग मोठ्याने वाचला जातो आणि दुसरा भाग घशात अडकतो. ज्याच्या हाती कागद आहे तो अपवादात बसतो. ज्याच्या हाती कागद नाही तो पन्नास वर्षे कसूनही उद्या अतिक्रमणकर्ता ठरतो. म्हणून आम्ही म्हणतो, गायरानाचा लढा जितका नांगराने लढावयाचा तितकाच पावतीने लढावयाचा आहे.

आता एक नवी समजूत पसरविली जात आहे. "सातबारा संगणकावर आला, घरबसल्या मिळतो, त्यावर डिजिटल सही असते, आता तलाठ्याचे राज्य संपले," असे सांगतात. उतारा घरबसल्या मिळू लागला, ही चांगलीच गोष्ट आहे. एका उताऱ्यासाठी चार हेलपाटे आमच्याच माणसाला पडत. पण डिजिटल सही काय सांगते? हा उतारा सरकारी दप्तराबरहुकूम आहे, एवढेच. ते दप्तर जमिनीबरहुकूम आहे की नाही, हे ती सांगत नाही. जुन्या वहीतील खोटे यंत्रात घातले तर यंत्रातून तेच खोटे अधिक सुबक अक्षरात बाहेर येते. वहीतील खरे नाव उतरविताना चुकले तर लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे. त्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करावा आणि सोबत जुना हस्तलिखित उतारा जोडावा. म्हणून प्रत्येक कुटुंबाला आमचे आग्रहाने सांगणे आहे की, जुने पिवळे कागद टाकू नका. यंत्र चुकले असता साक्षीदार तेच आहेत.

इतका वेळ सरकारला धारेवर धरले. आता आरसा आपल्याकडे वळवू. १९६६ च्या अधिनियमात कलम १४९ आहे. वारसाने, वाटणीने, खरेदीने किंवा अन्य रीतीने ज्याला जमिनीत हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यावी. वर्दी तोंडी दिली तरी चालते, आणि ती मिळताच लेखी पोच देणे तलाठ्यावर बंधनकारक आहे. आमच्यापैकी किती कुटुंबांनी बाप गेल्यावर वर्दी दिली? किती जणांनी पोच मागितली? आजोबांचे नाव अजून सातबाऱ्यावर आहे, नातवंडे विसावर गेली, आणि मग एक भाऊ गुपचूप एकट्याचेच नाव लावून घेतो. फेरफार लिहिला की त्याची प्रत चावडीत लावावी लागते, हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकत आल्यास तिची विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत नोंद करून सुनावणी घ्यावी लागते, आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद अन्यायाची वाटल्यास साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. हे सारे दरवाजे कायद्याने उघडे ठेवले आहेत. दरवाजा आहे हेच ठाऊक नसेल तर भिंतीला दोष देऊन काय उपयोग?

याहून कठोर गोष्ट बोलावयाची आहे. वारसनोंद होते तेव्हा आमच्याच घरात बहिणींची नावे गाळली जातात. "तिला दिल्या घरी सुख आहे, तिला जमीन कशाला?" असे म्हणून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते, आणि सही करताना तिला मजकूर वाचूनही दाखवीत नाहीत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा त्याच्या कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. हिंदू कोड बिल सरकारने टाकून दिले, म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली. त्यांच्या राजीनाम्याच्या कारणांत ते एक मोठे कारण होते. ज्या स्त्रीच्या हक्कासाठी त्यांनी अधिकार सोडला, त्याच स्त्रीचा अर्धा एकर तिचा बौद्ध भाऊ सोडीत नाही! सकाळी पंचशील म्हणावयाचे, न दिलेले घेणार नाही असे दुसऱ्या शीलात सांगावयाचे, आणि दुपारी तलाठ्याकडे जाऊन बहिणीचे नाव गाळावयाचे, याला कोणता धम्म म्हणावा? ज्याने आपल्या बहिणीचे नाव दप्तरातून पुसले त्याने गावच्या पाटलाने आपले नाव पुसले म्हणून ओरडू नये.

आणखी एक प्रश्न नवदीक्षित कुटुंबांतून वारंवार विचारला जातो. "जुन्या दप्तरात आमच्या पूर्वजांच्या नावापुढे ती जुनी जात लिहिली आहे, नावेसुद्धा धोंड्या, कचऱ्या अशी तुच्छतेची आहेत. धम्म स्वीकारल्यावर हे कागद कशाला जपावयाचे?" त्यांचा संताप आम्हांस समजतो. परंतु तो कागद जाळू नका. महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती दिल्या आणि १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रातही तो हक्क मिळाला. हा हक्क सिद्ध करताना कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वी कोठे राहत होते व त्याची मूळ जात कोणती होती, याचा पुरावा मागितला जातो. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, वतनाचे जुने फेरफार, पाहणीपत्रके हे पुरावे तेथे कामी येतात. ज्या शब्दाने गावाने आम्हांस बाहेर ठेवले, तोच शब्द आज आमच्या मुलाला शाळेच्या व नोकरीच्या दारातून आत नेतो. ज्यांनी आडनाव बदलले त्यांनी राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवावी, नाही तर आजोबाचे आडनाव एक आणि नातवाचे दुसरे, म्हणून वारसनोंद अडते. जुन्या नावाची लाज बाळगण्याचे कारण नाही. लाज ज्यांनी ते नाव ठेवले त्यांना वाटावी.

आमचे काही पुढारी म्हणतील, "हे सारे कारकुनी झंझट आहे. सत्ता हाती आली म्हणजे एका हुकमाने सर्व दुरुस्त होईल." सत्ता हवी, यात वाद नाही. पण १९५८ चा कायदा सत्तेनेच केला होता, १९७८ आणि १९९१ चे निर्णय सत्तेनेच काढले होते. ते मुंबईहून निघाले आणि गावच्या वहीत येईपर्यंत वाटेत किती गळाले, हे आपण पाहिले. भूमिहीन बौद्धांना व अनुसूचित जातींच्या कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी योजना २००४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नावे चालू आहे. अशा योजनेतसुद्धा जमीन मोजून, हद्दीचे दगड दाखवून ताबा मिळाला नाही तर लाभधारकाच्या हाती उतारा राहील आणि पीक शेजारी कापील. हुकूम वरून येतो. तो खाली नीट लिहिला जातो की नाही, हे पाहणारे डोळे खालीच असावे लागतात.

म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक गावच्या कनिष्ठ वतनी जमिनींची यादी तयार करावी. तीत गट नंबर, मूळ वतनदार, रिग्रँटचा हुकूम आणि आजचा कब्जेदार हे चार रकाने असावेत आणि ती चावडीवर लावावी. १-ई ची नोंदवही दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि ज्याची नोंद झाली त्याला तिची प्रत हाती द्यावी. संगणकात उतरविताना झालेल्या चुका सरकारने स्वतःच्या खर्चाने व स्वतःहून दुरुस्त कराव्यात. आपल्या कारकुनाच्या चुकीसाठी गरिबाला अर्ज करावयास लावणे हा उलटा न्याय आहे. रिग्रँटच्या आणि योजनेतील जमिनींची मोजणी विनाशुल्क करावी. या मागण्यांत भीक कोठेही नाही. दप्तराने आपले काम करावे, एवढेच आम्ही मागतो.

आणि मागण्या करून स्वस्थ बसावयाचे नाही. दर रविवारी विहारात वंदना होते, तिला स्त्री-पुरुष जमतात. यापुढे महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर सातबारा-वाचन ठेवावे. प्रत्येक कुटुंबाने आपला सातबारा, ८-अ आणि शेवटच्या फेरफाराचा उतारा आणावा. शिकलेल्या मुलामुलींनी तो सर्वांसमक्ष वाचावा. कोणाचे नाव सुटले, कोणत्या बहिणीचे नाव लागले नाही, कोठे वर्ग बदलला, कोणाची मुदत जात आहे, याची यादी तेथेच करावी आणि सोमवारी चार जणांनी मिळून अर्ज द्यावा. एकट्याने जाऊ नये, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. अर्जाचे उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यांचा उपयोग करावा. ज्या वस्तीत हे काम एक वर्ष नेमाने चालेल, त्या वस्तीतला माणूस पुढच्या वेळी तालुक्याच्या कचेरीत वहाणा घालून आत जाईल, आणि "माझ्या फेरफाराचा नंबर अमुक आहे, त्यावरील हरकतीचे काय झाले?" असे विचारील.

जय भीम.